फिनी काउंटी, कॅन्सस: जमिनीखालचं पाणी आणि जमिनीवरची माणसं

माळरान

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं, कारण आपली बहुतेक माणसं शहरांत किंवा शहरांच्या कडेला राहतात. मी नैर्ऋत्य कॅन्ससमधल्या फिनी काउंटीत राहते. नवरा डॉक्टर आहे. जे-वन व्हिसावर इथे शिकलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जावं लागतं. पण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं तर ती अट माफ होऊ शकते. अशा माफीसाठी प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात. त्या वाटेने आलेले भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो डॉक्टर अशा गावांतून खूप भेटतात. आम्हीही तसेच आलो आणि मुदत संपल्यावर इथेच राहिलो.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. फिनीचं क्षेत्रफळ सुमारे ३,३७५ चौरस किलोमीटर, गोव्यापेक्षा थोडंसंच कमी. वस्ती २०२०च्या जनगणनेत ३८,४७०. त्यातले २८,१५१ लोक एकट्या गार्डन सिटीत, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावात. शेजारी हॉलकम हे लहान गाव. बाकी सपाट मुलूख, नदीच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या, आणि वारा. समुद्रसपाटीपासून उंची २,८०० फुटांच्या वर असली तरी चढ कुठे जाणवतच नाही. सगळं राज्य पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू उतरत जातं. पाऊस वर्षाला १८-१९ इंच, आपल्या माणदेशात पडतो साधारण तेवढाच.

विमानातून हा भाग पाहिलेल्यांना खालची हिरवी वर्तुळं आठवत असतील. इथली जमीन एकोणिसाव्या शतकात मैलामैलाच्या चौकोनांत आखली गेली. चौकोनाचा पाव हिस्सा म्हणजे १६० एकर. त्याच्या मधोमध पाण्याची जोडणी आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांबीचा नळ. भिजतात सुमारे १३० एकर, चारी कोपरे कोरडे राहतात. कोलोरॅडोतल्या फ्रँक झायबाख या शेतकऱ्याने हे यंत्र बनवलं, १९५२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. वाळूची उंचसखल जमीनसुद्धा त्यामुळे भिजवता येऊ लागली. पंप चालवायला ह्यूगोटन क्षेत्रातला नैसर्गिक वायू इथेच पायाखाली होता, तोही स्वस्त. पाणी येतं ओगालाला भूजलसाठ्यातून. आठ राज्यांखाली पसरलेला हा साठा आहे, आणि गेली सत्तर वर्षं आम्ही तो उपसतोय.

नदी आहे, आर्कान्सा. कोलोरॅडोच्या डोंगरात उगम पावते. पण गार्डन सिटीत तिचं पात्र बहुतेक काळ कोरडं असतं. वर कोलोरॅडोत जॉन मार्टिन धरण आहे, पाटचाऱ्या आहेत, नदीकाठच्या विहिरी आहेत, आणि आमच्या बाजूच्या उपशानेही नदीखालची पातळी खाली गेली. कॅन्सस आणि कोलोरॅडो या पाण्यावरून सर्वोच्च न्यायालयात भांडत आले आहेत. पहिला निकाल १९०७ चा. १९८५ मध्ये पुन्हा खटला झाला आणि २००५ मध्ये कोलोरॅडोने सुमारे ३.४ कोटी डॉलर भरपाई दिली. नदी मात्र वाहती झाली नाही.

आता अर्थव्यवस्था. पाण्यावर मका, मक्यावर गुरं, गुरांवर मांसाचा कारखाना, कारखान्यावर गाव. कॅन्ससमधला पहिला व्यापारी फीडलॉट (गुरं कोंडून, खाऊ घालून वजन वाढवायची जागा) १९५१ मध्ये गार्डन सिटीजवळ सुरू झाला. फीडलॉटमध्ये सहाशे-आठशे पौंडांची वासरं येतात आणि पाच-सहा महिने वाफवून चपटा केलेला मका खाऊन चौदाशे पौंडांच्या आसपास जातात. कत्तलखाने पूर्वी शिकागो, कॅन्सस सिटीसारख्या शहरांत होते. आयबीपी नावाच्या कंपनीने ते उलटं केलं. जिथे गुरं तिथे कारखाना, आणि तिथेच मांसाचे तुकडे करून खोक्यांत भरून पाठवायचं. डिसेंबर १९८० मध्ये हॉलकमजवळ त्यांचा कारखाना सुरू झाला, तेव्हा तो जगातला सर्वांत मोठा गोमांस कारखाना होता. तीन वर्षांनी गार्डन सिटीत दुसरा मोठा कारखाना वाढला. काउंटीची वस्ती १९८० ला २३,८२५ होती, १९९० ला ३३,०७० झाली.

एवढी माणसं आली कुठून? स्थानिकांनी हे काम पुरेशा संख्येने केलं नाही. थंडगार हॉलमध्ये, साखळीवरून सतत सरकत येणाऱ्या मांसावर दिवसभर एकच काप घ्यायचा, हातात जाळीचा मोजा. मनगटं आणि खांदे जातात. माझा नवरा त्या मनगटांवर उपचार करतो. मेक्सिकन कुटुंबं इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत. रेल्वेवर आणि शुगर बीटच्या शेतात ती कामाला आली, १९०६ ते १९५५ इथे बीटपासून साखर बनवणारा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात विचिटा शहरातल्या विमान कारखान्यांतली कामं गेल्यावर व्हिएतनामी निर्वासित इकडे वळले. मग ग्वाटेमाला, साल्वादोर, नंतर सोमालिया, म्यानमार. आज काउंटीत निम्म्याच्या आसपास लोक लॅटिनो आहेत.

मला यातून एक गोष्ट सगळ्यांपुढे मांडायची आहे. इथलं भूजल कसं वापरायचं हे ज्या भूजल व्यवस्थापन जिल्ह्यात ठरतं (हा काउंटीहून वेगळा; आमचा तिसरा, १९७६ मध्ये स्थापन झालेला, कार्यालय गार्डन सिटीतच), तिथे मतदार कोण? ४० एकर किंवा जास्त जमिनीचा मालक, नाहीतर वर्षाला किमान एक एकर-फूट (एका एकरावर फूटभर उभं राहील एवढं) पाणी वापरणारा. कारखान्यातल्या कामगाराचा पगार त्या पाण्याशी बांधलेला आहे, पण त्याला तिथे मत नाही. साठा संपायला आला तर जमीनमालक जमीन विकू शकेल किंवा कोरडवाहू गहू पेरेल. वीस वर्षं हप्ते भरून घर घेतलेल्या कामगाराचं काय? मला हा अन्याय वाटतो.

तुमची मतं वाचायला आवडतील.


गोदाकाठ

ताई, फार माहितीपूर्ण धागा. वाचनखूण साठवली. मी स्वतः ऊस आणि डाळिंबाचा शेतकरी, त्यामुळे तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर थांबलो. विहीर शेतकऱ्याने कर्ज काढून खोदली, पंप त्याने बसवला, डिझेल किंवा वायूचं बिल तो भरतो. पाऊस नाही आला तर बुडतोही तोच. मग निर्णयही त्याचाच असावा ना? कारखान्याच्या कामगाराला मत द्या म्हणता, उद्या न्यूयॉर्कचा बर्गर खाणाराही मत मागेल.

दुसरं म्हणजे तिथे पाण्याची मालकी कशी आहे? आपल्याकडे जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी असं व्यवहारात चालतं.


माळरान

गोदाकाठदादा, मालकीपासून सुरुवात करते, कारण माझा मुद्दा तिथेच टिकतो. १९४५ च्या कायद्याने कॅन्ससमधलं सगळं पाणी राज्याच्या जनतेसाठी राखलेलं आहे. शेतकऱ्याकडे असतो तो वापराचा हक्क. ‘आधी आला त्याचा हक्क आधी’ हे तत्त्व. प्रत्येक हक्काला तारीख आणि वर्षाचा कोटा असतो. पाणी कमी पडलं तर नव्या हक्कवाल्याने आधी थांबायचं. जुन्या हक्काच्या जमिनीला भाव जास्त का, ते यावरून कळेल. मीटर बसवलेले आहेत आणि दरवर्षी वापर कळवावा लागतो.

म्हणजे विहीर शेतकऱ्याची, पाणी जनतेचं. जनतेत कामगार येतो. न्यूयॉर्कचा ग्राहक दुसरीकडचं मांस घेईल, त्याचं घर इथे नाही. कामगाराचं आहे. शेतकऱ्याचा धोका खरा आहे हे मी मनापासून मान्य करते, इथे माझ्या ओळखीतली शेतकरी कुटुंबं चार-चार पिढ्यांची आहेत. पण बऱ्याच जमिनींचे मालक आता इथे राहतही नाहीत. वारसाहक्काने जमीन मिळालेली भावंडं दूरच्या शहरांत आहेत, त्यांना मत आहे.

अडचण अशी की सत्तरच्या दशकापर्यंत हक्क भरमसाट वाटले गेले. साठ्यात जेवढं पाणी परत मुरतं त्याच्या कितीतरी पट. कागदावर प्रत्येकाचा हक्क कायदेशीर, सगळ्यांची बेरीज मात्र निसर्गाला न झेपणारी.


निरंजन_७२

भूजल खात्यात नोकरी केली असल्याने यात भर घालतो. ओगालाला साठा म्हणजे भूमिगत तळं नव्हे. रॉकी पर्वतातून लाखो वर्षं वाहून आलेली वाळू, गोटे, चिकणमाती यांचा थर आहे आणि त्याच्या फटींमध्ये पाणी आहे. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये असं होत नाही. आपला खडक कठीण, पाणी भेगांत आणि झिजलेल्या वरच्या थरात. म्हणून आपली विहीर उन्हाळ्यात आटते आणि चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरते. महाराष्ट्राला दरवर्षी चूक कळते आणि दरवर्षी थोडी दुरुस्तीची संधी मिळते. पश्चिम कॅन्ससमध्ये मुरणारं पाणी वर्षाला इंचभरही नसतं. तिथलं उपसलेलं पाणी गेलं ते गेलंच, कित्येक पिढ्यांच्या हिशोबाने.

आणखी एक. साठा सगळीकडे सारखा जाड नसतो. तळ उंचसखल असल्याने एका शेताखाली दोनशे फूट ओला थर आणि पाच मैलांवर चाळीस फूट, असं होतं. त्यामुळे ‘कधी संपणार’ याचं एक उत्तर नाही. संपतं ते तुकड्यातुकड्यांनी. विहीर एकदम कोरडी पडत नाही, तिचा जोर कमी होतो. मिनिटाला हजार गॅलन देणारी विहीर तीनशेवर आली की १३० एकर मका भिजत नाही, मग निम्मं वर्तुळ पेरायचं.

कॅन्ससचं मोजमापाचं काम वाखाणण्यासारखं आहे. तिथलं भूशास्त्रीय सर्वेक्षण आणि राज्याचा जलविभाग मिळून दर जानेवारीत पश्चिम आणि मध्य कॅन्ससमधल्या सुमारे १,४०० विहिरींची पातळी मोजतात. जानेवारीत का, तर सिंचनाचे पंप बंद असतात आणि पातळी स्थिरावलेली असते. सगळे आकडे लोकांसाठी खुले असतात.


अनघा_प

माळरान, वाचताना अंगावर काटा आला, चांगल्या अर्थाने. एक विचारू का? २०१६ मध्ये तिथल्या सोमाली लोकांवर हल्ल्याचा कट उघड झाला होता ना? तेव्हा बातम्यांत गार्डन सिटीचं नाव ऐकलं होतं. आम्ही न्यू जर्सीत आपल्यासारख्या माणसांच्या गर्दीत राहतो, तिकडे मुलांना वाढवताना भीती वाटत नाही का?


माळरान

अनघा, हो, तेच गाव. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिघांना अटक झाली. सोमाली कुटुंबं राहत असलेल्या इमारती, ज्यांच्यापैकी एका घरात मशीद होती, त्या स्फोटकांनी उडवायच्या आणि तेही राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी, असा त्यांचा बेत होता. त्यांच्यातल्याच एकाने एफबीआयला माहिती दिली. २०१८ मध्ये तिघेही दोषी ठरले, जानेवारी २०१९ मध्ये २५, २६ आणि ३० वर्षांच्या शिक्षा झाल्या.

तेव्हा लोक खूप घाबरले होते आणि ते साहजिक होतं. काही कुटुंबं गेली, बरीच राहिली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याच्या आधी पस्तीसेक वर्षं गावाने काहीतरी कमावून ठेवलं होतं. कारखाना सुरू होण्याच्या सुमारासच इथल्या चर्चच्या पाद्रींनी एकत्र येऊन नव्याने येणाऱ्यांसाठी निवारा आणि अन्नाची सोय उभी केली. काम शोधत गाडीत झोपणारी कुटुंबं तेव्हा रोज येत. शाळांनी भाषा शिकवणारे शिक्षक नेमले, पोलीस वस्त्यांमध्ये जाऊन बसू लागले. कॅन्सस विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टल आणि भूगोलाचे अभ्यासक मायकल ब्रॉडवे यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी इथे राहून हे सगळं टिपलं. स्टल यांच्या टीमला दिसलं ते असं, की लोक एकमेकांशी भांडत नव्हते, पण मिसळतही नव्हते. कामाच्या पाळ्या वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, आणि कारखान्यात माणसं इतकी भराभर बदलत की शेजाऱ्याचं नाव कळेपर्यंत तो गेलेला.

आज चित्र बरंच वेगळं आहे. पहिल्या व्हिएतनामी कुटुंबांची नातवंडं इथे शिक्षक, नर्स, दुकानदार आहेत. एकाच रस्त्यावर व्हिएतनामी फो, साल्वादोरी पुपुसा आणि सोमाली भात-बकरा मिळतो. मला मसूर डाळ, हिरव्या मिरच्या आणि भेंडी कुठे मिळते? आशियाई दुकानात. माझ्या मुलीच्या वर्गात तिचं नाव कुणाला अवघड वाटत नाही, कारण सगळ्यांचीच नावं वेगवेगळी आहेत. शेजारच्या लेन काउंटीत २०२० मध्ये १,५७४ लोक उरले होते. तिथे कारखाना नाही आणि नवी माणसं आली नाहीत. दुकानं, शाळा, दवाखाना सगळं आक्रसत गेलं. फिनी टिकली ती स्थलांतरितांमुळे, हे इथले जुने गोरे शेतकरीही मोकळेपणाने बोलतात.

सगळं गोड आहे असं अजिबात नाही. घरं महाग आणि अपुरी आहेत. ट्रेलर पार्कमध्ये दाटीवाटीने राहणारी कुटुंबं आहेत. कागदपत्रं नसलेल्यांच्या मनातली धास्ती तर दवाखान्यापर्यंत येते, दुखणं अंगावर काढतात.


चिंचोका

मी नेब्रास्कातल्या ओमाहात धान्य वाहतुकीच्या धंद्यात आहे, त्यामुळे मला वेगळं दिसतं. माळरान, तुमची साखळी ‘पाणी, मका, गुरं, कारखाना’ अशी आहे, पण तिची पहिली कडी आता तेवढी घट्ट नाही. नैर्ऋत्य कॅन्ससचे फीडलॉट जेवढा मका खातात तेवढा तिथे पिकत नाही. नेब्रास्का आणि आयोवाकडून शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या भरून मका तिकडे जातो. विहिरी आटल्या तर आणखी गाड्या जातील.

आणि पाण्याचा हिशोब बघा. एका जनावराला दिवसाला दहा-पंधरा गॅलन प्यायला लागतं. कारखान्याला धुण्यापुसण्याला लागतं ते वेगळं. सगळं धरूनही सिंचनाच्या तुलनेत ते फार थोडं आहे, त्या भागातला नव्वद टक्क्यांहून जास्त उपसा सिंचनाचा. म्हणजे मका थांबवला तर गुरं, कारखाना आणि गावाचं पिण्याचं पाणी कित्येक दशकं निघेल. गुरं तिथे राहण्याचं खरं कारण कोरडी हवा आहे. चिखल नाही, रोगराई कमी. दुधाचा धंदाही त्याच कारणाने तिकडे सरकला. २०१७ मध्ये गार्डन सिटीत मोठा दूध भुकटीचा कारखाना उगाच नाही आला.


गोदाकाठ

चिंचोका, हिशोब पटण्यासारखा आहे, पण त्यात शेतकरी कुठे आहे? मका थांबवा म्हणजे शेतकरी थांबवा. गहू आणि ज्वारीवर त्याचं कर्ज फिटणार आहे का? आमच्याकडे ऊस सोडा म्हणून सांगणारे खूप, तुरीला भाव देणारे कमी.


चिंचोका

रास्त प्रश्न आहे. कोरडवाहूत तिकडे तीन वर्षांत दोन पिकं घेतात: हिवाळी गहू, मग ज्वारी (तिकडे मायलो म्हणतात), मग जमीन पडीक ठेवून ओल साठवायची. उत्पन्न बागायती मक्याच्या जवळपासही जात नाही. जमिनीचा भाव पडतो, भाव पडला की काउंटीचा मालमत्ता कर पडतो, त्यावर शाळा चालतात. त्यामुळे ‘एका दिवसात बंद’ असं मी म्हणत नाही. बागायत निम्म्यावर आणायची आणि ज्वारी, कापूस अशा कमी पाण्याच्या पिकांना तेवढंच पाणी पुरवायचं, हे जमू शकतं.


पुष्करिणी

मध्येच विचारते, माफ करा, पण २०१९ मध्ये मांसाच्या कारखान्याला आग लागली होती, तो हाच का? आमच्या ऑफिसात कमोडिटीवाल्यांची धावपळ झाली होती तेव्हा.


माळरान

हो, हॉलकमचा तोच कारखाना. आयबीपी २००१ मध्ये टायसन या मांस कंपनीने घेतली. ९ ऑगस्ट २०१९ च्या रात्री आग लागली. दिवसाला सुमारे सहा हजार जनावरं, देशाच्या गोमांस क्षमतेच्या पाच-सहा टक्के, एका रात्रीत बंद. त्यानंतरच्या आठवड्यांत गुरांचे भाव कोसळले आणि खोक्यातल्या मांसाचे चढले. दोन्हींमधला फरक कारखानदारांकडे गेला. गुरं पाळणारे भडकले, कृषी खात्याने चौकशी केली. देशातली तयार गुरं सुमारे ८५ टक्के चारच कंपन्या कापतात, हे अनेकांना तेव्हा समजलं. सुमारे ३,८०० कामगार होते. कंपनीने कायम कामगारांना पगार चालू ठेवला आणि त्यांना साफसफाई, दुरुस्तीची कामं दिली. डिसेंबरपासून कारखाना पुन्हा हळूहळू सुरू झाला.

गाव मात्र पहिल्याच दिवशी हादरलं होतं, कारण त्याला आधीची आग आठवत होती. २५ डिसेंबर २००० ला गार्डन सिटीतला दुसरा कारखाना जळाला. सुमारे २,३०० नोकऱ्या गेल्या आणि तो पुन्हा उभा राहिलाच नाही. २००० च्या जनगणनेत काउंटीची वस्ती ४०,५२३ होती, २०१० ला ३६,७७६. त्या घटीत ती आग आहे. त्यातून गाव सावरलं, पण एका कारखान्यावर किती अवलंबून आहोत ते कुणी विसरलेलं नाही.


चिंचोका

याच संदर्भात. नोव्हेंबर २०२५ मध्ये टायसनने आमच्या राज्यातल्या लेक्झिंग्टनचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. तीन हजारांवर कामगार. गाव सुमारे अकरा हजार वस्तीचं, तेही असंच लॅटिनो-सोमाली कुटुंबांनी भरलेलं. कारण पाणी नव्हे. दुष्काळात चारा महागल्यामुळे पशुपालकांनी गायी विकल्या, देशातली गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर आली, आणि कारखान्यांना कापायला जनावर मिळेना. म्हणून माळरान, मला तुमच्या मताधिकाराच्या मुद्द्याबद्दल शंका आहे. कामगाराला भूजल जिल्ह्यात मत दिलं तरी कारखाना बंद करण्याचा निर्णय दूर आर्कान्सा राज्यातल्या टायसनच्या मुख्यालयात होतो. तिथे ना शेतकऱ्याला मत, ना कामगाराला.


माळरान

लेक्झिंग्टनची बातमी आली तेव्हा इथे दवाखान्यात, शाळेत, दुकानात दुसरा विषय नव्हता. कित्येकांचे नातेवाईक तिथे आहेत, कारण ही माणसं एका कारखान्याच्या गावातून दुसऱ्यात जातात. मुख्यालयावर आमचा ताबा नाही, खरंय. पण म्हणून जे आमच्या हातात आहे तेही थोड्यांच्या हाती सोडायचं का? पाणी असलं तर एक कंपनी गेली तरी दुसरी येऊ शकते. पाणी संपलेल्या गावात कोण येईल?

राज्याचं धोरण आता बदलायला लागलंय. वर्षानुवर्षं सरकारचा पवित्रा ‘नियोजित ऱ्हास’ असाच होता, म्हणजे साठा संपणारच आहे, तर तो व्यवस्थित संपवू. डिसेंबर २०२२ मध्ये कॅन्ससच्या जलप्राधिकरणाने हे धोरण सोडायची शिफारस केली. २०२३ मध्ये कायदा करून भूजल जिल्ह्यांना चिंताजनक पट्टे ठरवायला आणि उपाय मांडायला सांगितलं. वायव्येकडच्या शेरिडन काउंटीत शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन २०१३ पासून उपसा सुमारे वीस टक्के कमी केला आणि त्यांचं निव्वळ उत्पन्न फारसं घटलं नाही. बियाणं, खत, वीज यांचा खर्चही कमी झाला म्हणून. गोदाकाठदादा, हे सगळं शेतकऱ्यांनी आपणहून केलं. आमच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात ते रखडलंय. इथे साठा जाड होता, त्यामुळे ‘अजून आहे की’ ही भावना जास्त टिकली.


तात्या_माणदेशी

धागा लई भारी, ताई. हितं माणसं तळ्याकाठी बसून पाण्याचं बोलत्यात, तुम्ही कोरड्या नदीकाठी बसून लिहिलंय. मला एक इचारायचंय: पूर्वी तिथं काय होतं? माळ? झाडं? जनावरं कुठली?


माळरान

तात्या, गवत आणि गवे. इथल्या बायसनला मी गवाच म्हणते. त्याआधी आणि त्यासोबत शायेन, कायोवा, कोमांची या मूळनिवासी जमातींचा हा शिकारीचा मुलूख. १८७० च्या दशकात शिकाऱ्यांनी गव्यांची चामड्यासाठी अफाट कत्तल केली. गार्डन सिटीच्या संस्थापकांपैकी एक चार्ल्स जेसी जोन्स. तो आधी गव्यांचा शिकारी होता. मग त्याने १८८६ पासून उरलीसुरली वासरं पकडून गार्डन सिटीत पाळली, आणि त्या कळपांतून बरेच गवे वाचले. न्यायालयासमोर त्याचा पुतळा आहे.

झाडांची गोष्ट तुम्हाला आवडेल. १९०५ मध्ये केंद्र सरकारने नदीच्या दक्षिणेच्या वाळूवर चक्क राष्ट्रीय जंगल लावायला घेतलं. हजारो रोपं लावली, दुष्काळात मेली, आणि १९१५ मध्ये ते जंगल रद्द झालं. त्यातली काही जमीन राज्याने ठेवली, १९२४ मध्ये तिथे गवे आणले, आणि तो कळप आजही आहे. सुमारे ३,६०० एकरांचं कुरण. कॅन्ससमधला तो सर्वांत जुना सरकारी कळप. त्या वाळूवर जे टिकतं ते सेजचं झुडूप आणि गवत. तेवढ्या तुकड्यात पाहिलं की कळतं, ही जमीन स्वतःहून काय होती.

काउंटीच्या नकाशाला ईशान्येला एक फाटा फुटलेला दिसेल. ती पूर्वीची गारफील्ड काउंटी. तिच्या दोन गावांनी, रवाना आणि एमिनन्स, मुख्य ठिकाण कोणतं यावरून वर्षानुवर्षं कोर्टबाजी केली. शेवटी काउंटीचं क्षेत्रफळच कायद्याने लागतं त्याहून कमी आहे असं निघालं आणि १८९३ मध्ये ती फिनीत विलीन झाली. दोन्ही गावं उठून गेली. पडक्या भिंती उरल्यात.


अनघा_प

यायचं झालं तर कसं यायचं? मुलांना खरंच दाखवावंसं वाटतंय.


माळरान

ये ना, आमच्याकडेच उतर. शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणारी साउथवेस्ट चीफ गाडी पहाटे गार्डन सिटीला थांबते. मुलांना ली रिचर्डसन प्राणिसंग्रहालय आवडेल. त्याच्या शेजारी बिग पूल, १९२२ मध्ये गावकऱ्यांनी खोदलेला प्रचंड पोहण्याचा तलाव. एके काळी मोसम संपला की त्यात प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींना डुंबायला सोडत. आता तिथे नवं जलक्रीडा केंद्र झालंय. जूनच्या शेवटी आलीस तर गव्हाची कापणी दिसेल, रात्री उशिरापर्यंत यंत्रांचे दिवे शेतात असतात. मात्र उकाड्याची तयारी ठेवून ये. जून २०२२ मध्ये उष्णता आणि दमटपणा एकदम वाढला आणि वारा पडला, तेव्हा या भागातल्या फीडलॉटमध्ये दोन हजारांवर गुरं दगावली.


गोदाकाठ

शेवटचं विचारतो ताई. शेरिडनवाल्यांनी वीस टक्के कमी केलं ते ठीक. पण ज्याला पाणी कायमचं सोडायचं असेल त्याला सरकार काही देतं का?


माळरान

देतं. आर्कान्सा नदीच्या वरच्या पट्ट्यात, त्यात आमची काउंटीही आली, २००७ च्या सुमारास एक योजना सुरू झाली. शेतकऱ्याने पाण्याचा हक्क कायमचा सरकारकडे परत करायचा, जमिनीवर देशी गवत लावायचं, आणि त्या बदल्यात चौदा-पंधरा वर्षं दर एकरी भाडं मिळतं. शिवाय सुरुवातीला एकरकमी पैसे. नदीच्या दक्षिणेची वाळूची जमीन त्यात बरीच गेली. तिथे मका काढायला पाणीही जास्त लागायचं आणि वाराही माती उडवून न्यायचा.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने घेतली ही योजना. मुलगे शहरात, बाप सत्तरीचा, विहिरीचा जोर निम्म्यावर आलेला. त्यांना ती सोयीची पडली. तरुण शेतकऱ्याला पडत नाही, कारण मका-भाव चांगला असला की भाडं त्याच्या पुढे तोकडं. पैसे वाढवले तर आणखी लोक येतील असं मला वाटतं. आणि ते पैसे कुठून यावेत याचं माझं उत्तर सरळ आहे. पाण्यावर ज्यांचा नफा उभा आहे त्या मांस आणि दुधाच्या कंपन्यांकडून दर जनावरामागे थोडी रक्कम घ्यावी, ती याच योजनेत घालावी, आणि तिच्या समितीवर कारखान्यातल्या कामगारांचे प्रतिनिधी असावेत. गोदाकाठदादा, शेतकऱ्यांवर एकट्यांवर भार टाकू नये हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणूनच हे सुचवतेय. निरंजनकाका, अशी योजना भारतात भूजलासाठी कुठे राबवली गेली आहे का? असेल तर इथेच लिहा, मी ती इथल्या पाण्याच्या बैठकीत मांडीन. त्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. मत नसलं तरी बोलता येतं.